टेबल बुक केलंय पण जमत नाहीये? मग असं करा

बुकिंग करणं सोपंय, ॲपवर होतं नाहीतर फोन करा आणि नाव, वेळ, माणसं सांगा. फक्त टेबल किती वेळ धरून ठेवतात ते विचारा, आणि डिपॉझिट घेत असतील तर ते कधीपर्यंत परत मिळतं हेही तेव्हाच विचारा, नंतर काउंटरवर वाद घालू नका.

खरी गोची आकड्याची आहे, माझंही घोडं कायम इथंच अडायचं. पुण्यात शनिवारी रात्री बारा जणांचं बुकिंग म्हणजे चौघांची तीन टेबलं जोडून 'रिझर्व्ह्ड'ची पाटी लावून ठेवलेली, आणि बाहेर लोक पेंगुळलेली पोरं कडेवर घेऊन वेटिंगला उभे. तुम्ही आलात सात जण, की एक टेबल उगाच अडकलं. त्यामुळे ग्रुपवर 'कोण कोण येतंय?' विचारू नका, तिथं सगळेच अंगठा टाकतात. आदल्या दिवशी प्रत्येकाला वेगळा मेसेज करा आणि 'बघतो', 'ट्राय करतो', 'हिला विचारून सांगतो' वाल्यांना सरळ 'नाही'मध्ये धरा, राग आला तर येऊ दे. पोरंही मोजा. 'मांडीवर बसेल' म्हणून आणलेलं पोर पाचव्या मिनिटाला स्वतःची खुर्ची मागतं.

आकडा बदलला किंवा सगळंच रद्द झालं तर फोन दुपारी चार ते सहाच्या मधे करा, लंचची गर्दी ओसरलेली असते. रात्री आठला केलात तर उचलणारा एका कानाने तुमचं ऐकणार आणि वहीत लिहायचं राहून जाणार. बोलायचं एवढंच, "दादा, आज साडेआठचं बारा जणांचं बुकिंग आहे, कुलकर्णी नावाने, ते आठ करा." आजी आजारी पडली, गाडी पंक्चर झाली वगैरे कथा नकोत, कोणी विचारत नाही. फोन घेणाऱ्याचं नाव तेवढं विचारून ठेवा. आधी सांगून करायला लावलेले उकडीचे मोदक असतील तर त्याचे पैसे द्या, किचकिच करू नका.

ॲपवरचं बुकिंग ॲपवरच कॅन्सल करा, ग्रुप मोठा असेल तर वर फोनही.

आणि ते 'तीन ठिकाणी बुक करून ठेवा, ऐनवेळी ठरवा' सांगणारे आहेत ना, त्यांचं अजिबात ऐकू नका, अशांमुळेच सगळ्यांना डिपॉझिट भरावं लागतं. शिकागोच्या 'नेक्स्ट' रेस्टॉरंटने तर 2011 मध्ये उघडतानाच नाटकासारखी जेवणाची तिकिटं विकली, पैसे आधी, आलात नाहीत तर गेले.

उशीर होणार असेल तर बुकिंगची वेळ व्हायच्या आत कळवा आणि खरी वेळ सांगा. 'पाचच मिनिटं' नको, शनिवारी संध्याकाळी चांदणी चौकातून डेक्कनला पाच मिनिटांत कोणी पोचत नाही हे त्यांनाही माहितीये.