लीनतेचा सराव : उपासनेनंतरच्या सतरंजीपासून

ख्रिस्त आपल्या जीवनाच्या केंद्रस्थानी असावा, अशी प्रार्थना आपण दर रविवारी करतो. परंतु सोमवारी सकाळी त्याचा आरंभ नेमका कोठून करावा, हे फारसे कोणी सांगत नाही. फिलिप्पै येथील मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना, प्रेषित पौलाने ‘अशी जी चित्तवृत्ती ख्रिस्त येशूच्या ठायी होती ती तुमच्या ठायीही असो’ असे लिहिले आणि लगेच ख्रिस्ताने काय केले तेही सांगितले : त्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. म्हणून आपणही नम्र वाटण्याची वाट न पाहता कामापासून सुरुवात करावी.

आठवड्यातून एक तरी असे काम पत्करावे, की जे झाले नाही तरच लोकांच्या लक्षात येते. प्रीतिभोजनानंतर सतरंज्या झटकून त्यांच्या घड्या घालणे किंवा पातेल्याच्या बुडाला करपलेला भात खरवडणे, ही त्यातली उत्तम कामे होत. भात खरवडत असताना नेमके त्याच वेळी पाळकसाहेब तेथून जावेत, असे मनात येतेच. तसे आले म्हणून खट्टू होऊ नये. हात चालू ठेवावेत आणि घरी गेल्यावर ती गोष्ट कोणालाही सांगू नये. माझ्या अनुभवात काम सोपे असते, न सांगणे कठीण.

याच्या उलट बाजूचा सराव आपण सहसा करत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुऊ लागतो, तेव्हा पेत्र आधी ठाम नकार देतो. हा नकार वरवर नम्र दिसतो; पण प्रभूने काय करावे आणि काय करू नये, हे त्यात पेत्रच ठरवू पाहतो. आजारपणात शेजारीण डबा घेऊन आली असता ‘कशाला उगाच त्रास घेतलात?’ असे तीनतीनदा म्हणून तिला अवघडून टाकण्याऐवजी डबा घ्यावा, आभार मानावेत आणि जेवावे.

बोलण्याकडेही लक्ष असावे. मंडळीत साक्ष देण्यापूर्वी, म्हणजे देवाने आपल्या जीवनात काय केले ते सर्वांसमोर सांगण्यापूर्वी, ती कागदावर लिहून काढावी आणि त्यात ‘मी’ किती वेळा आला ते मोजावे. मी एकदा मोजले आणि निम्मी साक्ष खोडली. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, आपल्या उपासांचा आणि दशमांशाचा हिशेब देवापुढे मांडतो, तर जकातदाराची सबंध प्रार्थना एका वाक्यात आटोपते. शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीच्या बायबल-वर्गात, शिकवणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंचे स्मरण ठेवावे. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या; पुढे पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करताना त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि हे सारे पांडित्य त्यांनी सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीसाठी खर्च केले.

क्षमा मागायची झाल्यास चूक नेमकी सांगावी. ‘माझे काही चुकले असेल तर माफ करा’ या वाक्यात काहीच कबूल केलेले नसते. एका तरुणाचा गीताचा सूर चुकला, म्हणून मी त्याला सर्वांसमोर टोकले होते. त्याच्याकडे जाऊन ‘चारचौघांत टोकले, ते माझे चुकले’ एवढेच म्हणायला मला दोन रविवार लागले, आणि पुढे ‘पण तुझा सूरही...’ असे ओठांवर आलेले गिळावे लागले.

मात्र अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे लीनता, असा अर्थ कोणी काढू नये. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला तर हा अर्थ मुळीच शिकवू नये. महायाजकाच्या चौकशीत चपराक बसली तेव्हा येशूने शांतपणे, पण उघडपणे विचारले, की मी योग्य बोललो असलो तर मला का मारतोस? मंडळीच्या हिशेबात काही खटकत असेल तर पंचांच्या सभेत आवाज न चढवता तसेच सरळ विचारावे, उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे आणि सभा संपल्यावर चहाचे कप उचलायलाही थांबावे.