व्हीटी ओळखताना या चुका टाळा

"सर, पेशंट बोलतोय, बीपी 110 आहे, म्हणजे व्हीटी नाही." दर बॅचमध्ये हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच. अरे, बीपीवरून व्हीटी (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे जलद ठोके) ठरत नाही! व्हीटीचा पेशंट पलंगावर बसून चहासुद्धा मागतो.

एका रात्री असेच एक काका आले. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, आता नुसती धडधड. रेट 170, ठोके एकसारखे, क्यूआरएस (ईसीजीवरची खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची टोकदार लहर) कागदावरचे चांगले चार लहान चौकोन रुंद. रेसिडेंटने एसव्हीटी (खालच्या कप्प्यांच्या वरून उठणारे जलद ठोके) ठरवून त्यावरचं औषध व्हेरापामिल दिलं. मी पोचेपर्यंत काका घामाने डबडबलेले आणि बीपी लागेना. जुन्या सिस्टरने डिफिब्रिलेटर आधीच पलंगाशी आणून ठेवला होता, म्हणून शॉक लगेच देता आला. काका सावरल्यावर पहिला ईसीजी काढून पाहिला. लीड टू या रेघेत पी वेव्ह (वरच्या कप्प्यांच्या लहरी) क्यूआरएसशी काही घेणंदेणं नसल्यासारख्या आपल्याच चालीने चाललेल्या, आणि मधेच एक अरुंद ठोका. व्हीटीच्या सगळ्या खुणा कागदावर होत्या, बघायला अर्धं मिनिट कुणाकडे नव्हतं.

क्यूआरएस तीन लहान चौकोनांहून, म्हणजे 0.12 सेकंदांहून रुंद आणि रेट जलद, तर व्हीटीच धरून चाला. आधी अटॅक येऊन गेला असेल तर मी वादच घालत नाही. ब्रुगाडाच्या पायऱ्या (ईसीजीवरून व्हीटी ओळखायची क्रमवार पद्धत) परीक्षेत म्हणून दाखवा; रात्री तीन वाजता मोबाइलवर त्या शोधत बसणाऱ्यांचा मला राग येतो.

उलटी चूकही तितकीच होते. पेशंट दात घासत असतो आणि मॉनिटरवर 'व्हीएफ' (खालचे कप्पे नुसते थरथरणं, ज्यात नाडीच नसते) दिसतं. आधी नाडीला हात लावा, सॅच्युरेशनची वेव्ह बघा. त्या गोंधळात नेहमीच्या अंतराने अरुंद क्यूआरएस डोकावत असतील तर तो आर्टिफॅक्ट, म्हणजे हालचालीने उमटलेली खोटी रेघ. सपाट रेघ दिसली तरी नाडी आधी, मग लीडच्या वायर आणि गेन (लहरींची उंची ठरवणारं सेटिंग).

रुंद, अतिजलद आणि अनियमित असेल तर डब्ल्यूपीडब्ल्यूमधलं (हृदयात जन्मजात जादा विद्युतवाट असते तो आजार) एएफ (वरच्या कप्प्यांचं अनियमित थरथरणं) आठवा; व्हेरापामिल, डिगॉक्सिन ही औषधं लांब ठेवा.

रुंद आहे पण रेट जेमतेम 110, आणि डायलिसिस चुकलंय? पोटॅशियम वाढलंय असं धरा. रिपोर्टची वाट न बघता कॅल्शियम ग्लुकोनेट द्या.

मशीनने वर छापलेलं निदान मी दुमडून मागे टाकतो आणि मगच कागद वाचतो. नव्या पोरांना ते आधी वाचायची भारी घाई.