शालेय बेसबॉल: ड्रॉ, पिचरची विश्रांती आणि राज्य विजेतेपदापर्यंतची वाट

बेसबॉलच्या बाद फेरीत जे वाद होतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा कागदात असतं. पुढे चाल, म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश, कोणाला, पिचरला (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याला) दोन सामन्यांमध्ये किती दिवस मिळणार, पावसाने थांबलेला सामना कुठून सुरू करायचा, हे पहिल्या चेंडूआधी लेखी ठरलेलं नसतं. ठाणे किंवा नवी मुंबईत आंतरशालेय स्पर्धा भरवणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी सुरुवात या कागदापासून करावी.

सरकारी शालेय स्पर्धांची साखळी आधी समजून घ्या. ठाणे आणि नवी मुंबई या महानगरपालिकांची स्पर्धा जिल्हास्तराच्या बरोबरीची धरली जाते. ठाणे ग्रामीणची वेगळी. या प्रत्येक स्पर्धेचा विजेता मुंबई विभागात खेळतो आणि राज्याच्या आठ विभागांचे विजेते राज्यस्तरावर भेटतात. राज्यस्तरावरून महाराष्ट्राचा संघ निवडला जातो आणि तो राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातो. गट वयाचे: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. वय ३१ डिसेंबरला मोजतात, तरी त्या वर्षीच्या परिपत्रकातली जन्मतारीख वाचल्याशिवाय यादी करू नका.

अमेरिकेत गट वयावर नव्हे, शाळेच्या पटावर पाडतात. टेक्सासमध्ये १ए ते ६ए असे वर्ग आहेत, म्हणजे छोट्या गावातली शाळा ह्यूस्टनच्या अवाढव्य शाळेसमोर येत नाही. इंडियानात १९९७-९८ पासून चार वर्ग आहेत. तिथे पहिल्या टप्प्याला प्रत्येक शाळा खेळते आणि जोड्या मानांकनाशिवाय, निव्वळ चिठ्ठ्या टाकून ठरतात. कॅलिफोर्नियात तर संपूर्ण राज्याचा एक विजेताच नसतो. २०२२ पासून उत्तर आणि दक्षिण असे वेगळे प्रादेशिक विजेते ठरतात. या राज्य संघटनांच्या साखळीत राज्याच्या पुढे टप्पा नाही. आपल्याकडे तो आहे, म्हणून आपल्या विजेत्याचे पिचर पुढच्या फेरीसाठी धडधाकट राहणं आयोजकाचीही जबाबदारी ठरते.

आता ड्रॉ. समजा ११ शाळा आल्या. ११ च्या पुढचा दोनाचा घात १६, म्हणून १६ वजा ११ म्हणजे पाच संघांना पुढे चाल. एकूण सामने नेहमी संघांपेक्षा एकाने कमी, म्हणजे १०. पुढे चाल पहिल्या फेरीतच संपवायची. उपांत्य फेरीत कोणी न खेळता पोहोचला, तर ड्रॉ चुकला आहे. मानांकन गेल्या वर्षीच्या निकालावर द्या. पहिल्या पाच मानांकितांना पुढे चाल, मग जोड्या ८-९, ७-१० आणि ६-११. उपांत्यपूर्व फेरीत पहिला मानांकित ८-९ च्या विजेत्याशी, दुसरा ७-१० च्या, तिसरा ६-११ च्या आणि चौथा पाचव्याशी. पहिला आणि दुसरा मानांकित अंतिम फेरीआधी भेटता कामा नयेत. ड्रॉ सर्व शाळांच्या प्रतिनिधींसमोर काढा आणि तिथेच सह्या घ्या. नंतर फोनवरून केलेली अदलाबदल कितीही निरुपद्रवी असली तरी संशय उरतोच.

एका पराभवात बाहेर पडायला लागू नये म्हणून अमेरिकेत काही राज्ये दुहेरी बाद पद्धत वापरतात. आठ संघांना त्यात १४ किंवा १५ सामने लागतात. एक मैदान असेल तर त्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा सलामीला चार-चारचे गट बरे. गटात तीन संघ बरोबरीत आले, तर नुसत्या रन्सच्या फरकावर निकाल लावू नका. जो संघ दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला सातही इनिंग झोडपतो, त्याला त्यात फुकटचा फायदा होतो. आंतरराष्ट्रीय पद्धत इनिंगचा हिशेब धरते: काढलेल्या रन्स भागिले फलंदाजीच्या इनिंग, त्यातून दिलेल्या रन्स भागिले क्षेत्ररक्षणाच्या इनिंग वजा.

सगळ्यात जास्त वेळ वेळापत्रकाला द्या, कारण मुलाचा खांदा आणि कोपर त्यावर अवलंबून असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय शालेय नियमांनुसार २०१७ पासून प्रत्येक राज्य संघटनेला पिचच्या, म्हणजे पिचरने फलंदाजाला टाकलेल्या चेंडूंच्या, मोजणीवर मर्यादा ठेवावी लागते. १५-१६ वयासाठी तिथली प्रचलित शिफारस दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिचची आहे. ३० पर्यंत टाकले तर सक्तीची विश्रांती नाही, ३१ ते ४५ ला एक दिवस, ६० पर्यंत दोन, ७५ पर्यंत तीन आणि ७६ पासून चार दिवस. म्हणजे शनिवारी ८० पिच टाकणारा मुलगा गुरुवारीच पुन्हा उभा राहू शकतो. तीन दिवसांत स्पर्धा उरकली की प्रशिक्षक एकाच मुलाला रोज उभा करतात, आणि पुढे चाल मिळालेला संघ एक सामना कमी खेळून ताज्या हाताने अंतिम फेरीत येतो.

११ संघांसाठी एकाच मैदानावर चार शनिवार आणि एक रविवार पुरतात. पहिल्या शनिवारी पहिल्या फेरीचे तीन सामने. रविवारी चौथा विरुद्ध पाचवा, कारण दोघेही पुढे चाल घेऊन आलेले असतात. दुसऱ्या शनिवारी उरलेले तीन उपांत्यपूर्व, तिसऱ्याला दोन उपांत्य, चौथ्याला अंतिम. सात इनिंगच्या सामन्याला अडीच तास धरा. सकाळी साडेसातला सुरुवात केली तर तीन सामने उजेडात होतात. पिचची मोजणी दोन्ही संघांच्या गुणलेखकांनी वेगवेगळी करावी, प्रत्येक इनिंगनंतर आकडे जुळवावेत. सामना संपल्यावर जुळवायला बसलात तर भांडण नक्की.

स्पर्धेच्या नियमपत्रात एवढं तरी हवंच: पाच इनिंगनंतर १० रन्सचा फरक असेल तर सामना संपला, पावसाने थांबला तर त्याच इनिंगपासून, त्याच गुणांवर पुढे, हरकत लेखी आणि ठरलेल्या मुदतीत. पंचाच्या अंदाजावर, म्हणजे स्ट्राइक की बॉल, आउट की सेफ यावर, हरकत घेता येत नाही. नियम चुकीचा लावला असेल तरच. किमान दोन पंच लागतात. होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या जागेमागे, एकटा उभा राहिलेला पंच दुसऱ्या बेसवरचा टॅग, म्हणजे धावणाऱ्याला चेंडू लावून बाद करणं, नीट पाहू शकत नाही.

मैदान ही इथली खरी अडचण आहे. मोकळं मैदान बहुतेक क्रिकेटचं असतं आणि खेळपट्टीवर स्लाइड, म्हणजे घसरत बेस गाठणं, करू द्यायला कोणी तयार होत नाही, ते रास्तही आहे. होम प्लेट कडेला घ्या, म्हणजे खेळपट्टी आउटफिल्डमध्ये जाईल. शक्यतो होम प्लेट पश्चिम-नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात ठेवा. फलंदाज पूर्व-ईशान्येला तोंड करतो आणि दुपारनंतरचा सूर्य त्याच्या डोळ्यांत येत नाही. बेसमधलं अंतर २७.४३ मीटर, पिचरची पट्टी प्लेटपासून १८.४४ मीटर, होम ते दुसरा बेस ३८.८० मीटर. हे शेवटचं माप आधी टेपने घ्या. ते जुळलं नाही तर चौकोन तिरका आहे. फक्की त्यानंतर मारा. प्लेटमागे जाळी नसेल तर सामना घेऊ नका, विशेषतः रस्ता जवळ असेल तर. सप्टेंबरअखेरपर्यंत राखीव दिवस ठेवाच. ओल्या मातीत पिचरचा पुढचा पाय घसरतो आणि दुखापत मांडीला होते.

कागदपत्रांत सर्वाधिक अडतं ते नाव. आधार, जनरल रजिस्टर आणि प्रवेशिका या तिन्हींत नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का, हे शाळेतच तपासा. फोटोवर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का अर्धा आत, अर्धा बाहेर असू द्या. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांसाठी प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावरचं चुकलेलं अक्षर फेब्रुवारीत दुरुस्त करताना पालकांची फार धावपळ होते. अंतिम सामना संपला की सामन्याची स्कोअरशीट, पिच मोजणीचा तक्ता आणि पंचांच्या सह्यांचा निकाल एकत्र करून त्याच संध्याकाळी प्रत काढा. एक प्रत विजेत्या शाळेकडे द्या. पुढच्या सामन्याला कोणता पिचर कधी उपलब्ध आहे, हे त्यांच्या प्रशिक्षकाला त्यावरूनच ठरवता येतं.