कोपराची लिगामेंट्स बोटांनी कशी शोधावीत

लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, नुसतं चाचपडून सापडत नाही, आधी हाड ओळखावं लागतं. पेशंटचं कोपर ९० अंशांत वाकवा. ह्युमरसचे (दंडाच्या हाडाचे) आतला आणि बाहेरचा असे दोन उंचवटे, म्हणजे एपिकाँडाइल्स, आणि मागचं ओलेक्रॅनॉन (कोपराचं टोक) यांचा त्रिकोण होतो. हात सरळ केला की तिन्ही एका रेषेत येतात. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता बाहेरची बाजू. एपिकाँडाइलपासून दोन-अडीच सेंटिमीटर मनगटाकडे अंगठा ठेवा आणि दुसऱ्या हाताने पेशंटचा तळहात पालथा-उताणा करा. अंगठ्याखाली गरगरतं ते रेडियसचं, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं, डोकं. त्याला अ‍ॅन्युलर लिगामेंटचं कडं असतं. मात्र ते पूर्ण गोल नाही, जवळपास पाचवा हिस्सा अल्नाच्या (करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या) खाचेने भरून निघतो. लहान मुलाला हाताला धरून उचललं की रेडियसचं डोकं याच कड्यातून सरकू शकतं. अशा मुलाला चोळायचं नाही, थेट डॉक्टरकडे पाठवायचं.

बाहेरचं कोलॅटरल, म्हणजे बाजूचं, लिगामेंट एपिकाँडाइलपासून पसरत या कड्यात मिसळतं, पण त्यावर मनगट उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा असते. त्यामुळे तिथे दाबल्यावर दुखलं की विद्यार्थी हमखास लिगामेंटला दोष देतात. पेशंटला मनगट वर उचलायला सांगा आणि तुम्ही खाली दाबा. दुखलं तर संशय कंडरेवर घ्या. टेनिस एल्बो म्हणतात तो हाच.

आतल्या बाजूला कोलॅटरल लिगामेंटचा पुढचा पट्टा महत्त्वाचा. तो एपिकाँडाइलच्या खालून अल्नाच्या कोरोनॉइडकडे (पुढच्या उंचवट्याकडे) जातो आणि हात बाहेर झुकण्यापासून अडवतो. तपासताना कोपर २० ते ३० अंश वाकवा, दंड स्थिर धरा आणि हलकेच बाहेरच्या दिशेने ताण द्या. हात पूर्ण सरळ असेल तर ओलेक्रॅनॉन आपल्या खाचेत अडकलेलं असतं, हाडच सांधा धरून ठेवतं आणि सैल लिगामेंटही घट्ट वाटतं. एपिकाँडाइलच्या मागच्या खोबणीत अल्नर नर्व्ह आहे, तिथे फ्रिक्शन, म्हणजे बोटाने दाबून चोळणं, नको. करंगळीत मुंग्या आल्या की बोट लगेच काढा.

रेडियस आणि अल्ना यांमधला इंटरऑसियस (दोन हाडांना जोडणारा) पडदा स्नायूंच्या खाली असल्याने बोटाला लागत नाही. त्याचे धागे रेडियसकडून अल्नाकडे तिरपे उतरतात. तळहातावर पडलेला भार त्यांच्यामार्फतच अल्नाकडे जातो.