चिखलात एकच चाक गरगरत राहिले तर
पावसाळ्यात मुंबईहून कर्जतच्या आडवाटांवर गाडी नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की साधा डिफरन्शियल (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा संच) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतो, त्यामुळे एक चाक चिखलात गरगरू लागले की घट्ट मुरुमावरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलमधील क्लच प्लेट्स दोन्ही चाकांच्या वेगातील फरकाला अटकाव करून पकड असलेल्या चाकाकडे अधिक जोर वळवतात. मात्र चाक पूर्ण अधांतरी असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून ब्रेक किंचित दाबावा. फिरत्या चाकाला विरोध मिळाला की दुसरे चाक ओढू लागते. अशा डिफरन्शियलचे तेल बदलताना मात्र गॅरेजवाल्याकडे फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेट्समधील घर्षण सुरळीत ठेवणारे रसायन) असलेलेच गिअर ऑईल आवर्जून मागावे, कारण साध्या तेलावर वळण घेताना या प्लेट्स अडखळतात आणि मागच्या अ‍ॅक्सलमधून घरघर ऐकू येते.