संगीतशास्त्र शिकवणाऱ्या माध्यमिक शिक्षकांचे प्रशिक्षण

आठवी ते दहावीच्या वर्गांना हिंदुस्थानी संगीताचे शास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांचे प्रशिक्षण व्याख्यांनी नव्हे, टाळीने सुरू करावे. पहिल्या दिवशी तीनतालाच्या 16 मात्रा सर्वांकडून हातावर मोजून घ्याव्यात. 1, 5 आणि 13 या मात्रांवर टाळी द्यावी आणि नवव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता रिकामा हात, दाखवावी. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हातात बसल्यानंतरच ‘विभाग’ हा शब्द फळ्यावर लिहावा.

पुढे पेटीवर 7 शुद्ध, 4 कोमल आणि 1 तीव्र असे 12 स्वर दाखवावेत. स्वरलेखनासाठी भातखंडे किंवा पलुस्कर यांपैकी एकच पद्धती निवडावी, कारण दोहोंची चिन्हे निराळी आहेत आणि सरमिसळ झाली की मुलांच्या वह्या कोणालाच वाचता येत नाहीत.

शिक्षक खरे अडखळतात ते राग समजावताना. भातखंड्यांचे 10 थाट, म्हणजे रागांचे स्वरांनुसार केलेले गट, घोकून घेण्यापेक्षा भूप आणि देशकार हे राग लागोपाठ ऐकवावेत. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर असूनही भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे मुख्य स्वर, असतो, तर देशकारात धैवत (ध). शिवाय पहिला कल्याण थाटात आणि दुसरा बिलावल थाटात मांडला जातो. स्वर तेच असताना राग का बदलतो, याचे उत्तर शिक्षकांनी आधी कानाने शोधावे. वादी-संवादीची व्याख्या त्यानंतर सांगावी.

शेवटी प्रत्येकाने दहा मिनिटांचा सराव पाठ घ्यावा आणि इतरांनी विद्यार्थी होऊन शंका विचाराव्यात. गळा नसलेल्या शिक्षकाने तानपुरा आणि पेटीचा आधार निःसंकोच घ्यावा.