जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाताय? या चुका टाळा

मराठी माध्यमात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. त्यामुळे चौथीतलं मूल एबीसीडी घडाघडा म्हणतं, ‘सी-ए-टी कॅट’ही सुरात म्हणतं. फळ्यावर ‘एम-ए-पी’ लिहून वाचायला सांगितलं की मात्र गप्प होतं. अक्षरांची नावं पाठ असतात, त्यांचे आवाज (‘एम’चा ‘म्’) कुणी शिकवलेलेच नसतात. आणि नवा स्वयंसेवक येऊन पुन्हा एबीसीडीच घेतो!

आधी आवाज घ्या, तेही एबीसीडीच्या क्रमाने नको. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांत सॅट, पिन, टॅप, सिट, पॅन एवढे शब्द लगेच वाचून होतात.

इथे एक अडचण हमखास येते. ‘बॅट’ वाचताना मूल ‘ब... ॲ... ट’ म्हणतं आणि जोडताना अडखळतं. आपल्या ‘ब’मध्ये ‘अ’ मुरलेला असतो, तो मध्ये येतो. मुलांना पाय मोडलेली अक्षरं माहीत असतात, म्हणून फळ्यावर ब्, ॲ, ट् असं लिहून दाखवा. सुरुवात मात्र लांबवता येतील अशा आवाजांनी करा: म्म्म्-ॲ-प्, स्स्स्-ॲ-ट्. आवाज न तोडता पुढच्यात सरकता येतं. हे आवाज बसले की देवनागरी पुसा. शब्दाच्या डोक्यावर कायम मराठी उच्चार लिहिला, तर डोळा तिथेच जातो आणि इंग्रजी अक्षरं कुणी वाचतच नाही.

‘समजलं का?’ विचारू नका. अख्खा वर्ग ‘होऽऽ’ म्हणतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. ‘पुट द पेन अंडर द बुक’ म्हणा आणि पेन कुठे जातं ते बघा.

मूल ‘आय ॲम गो टू स्कूल’ असं बोललं तर मध्येच तोडू नका. ‘ओह, यू गो टू स्कूल! हाऊ?’ असं बरोबर वाक्य त्याच्याच गप्पांत परत द्या. चारचौघांत दोनदा चूक काढली की लाजरं मूल तोंडच मिटतं.

ऑनलाइन तासाला ‘सगळे मिळून म्हणा’ चालत नाही, आवाज मागेपुढे पोचतात. नाव घेऊन एकेकाला विचारा. 30 मिनिटांत प्रत्येकाला पुरेशा पाळ्या मिळायच्या तर सहा मुलं पुष्कळ झाली. एका खोलीत दोन फोन जोडले की आवाज घुमतो, एकच ठेवा. फोन बहुतेकदा वडिलांचा असतो, म्हणून तासाची वेळ पालकांना विचारून ठरवा. छोट्या पडद्यावर भरगच्च स्लाइड दिसत नाही. कोऱ्या कागदावर जाड मार्करने एकच शब्द लिहून धरा. झूमवर तुम्हाला तो उलटा दिसला तरी मुलांना सुलटाच दिसतो, उगाच उलटा लिहू नका.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, वर्गात शिक्षक हजर असू द्या. मुलाशी खासगी चॅट अजिबात नको. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका.

महिन्यातून एकदा दोन तासांपेक्षा आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं द्या. जून ते दिवाळी एवढं जमणार असेल तर तेवढंच कबूल करा. निघताना वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला येणारे आवाज आणि अडणारे आवाज लिहून वर्गशिक्षकांकडे द्या, म्हणजे पुढचा स्वयंसेवक पुन्हा एबीसीडीपासून सुरू करणार नाही.